आधी बस, पाणी पी

मार्च महिना, जर्नल सबमिशनचे दिवस. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावातलं, साडेपाचची एसटी चुकली की वाड्यावस्त्यांवरच्या पोरींची पंचाईत होते, म्हणून चार वाजले की लॅब रिकामी व्हायला लागते. त्या दिवशी सगळ्या गेल्या आणि एक जण मागे राहिली. एस.वाय.ची होती. टेबलासमोर उभी राहून जर्नलच्या खाकी कव्हरचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती, परत दुमडत होती. मी मान खाली घालून सर्टिफिकेटच्या पानांवर सह्या करत होते, समोर साठ-सत्तर जर्नलांचा गठ्ठा, घरी पाहुणे येणार होते, लक्ष निम्मं तिकडेच. ती म्हणाली, "मॅडम, एक बोलायचं होतं." मी म्हटलं बोल की.

मग ती तुटक तुटक बोलली. एक ओळखीचा मुलगा, नोट्स देतो म्हणाला, रूमवर बोलावलं. "तो माझ्याशी नीट नाही वागला मॅडम." एवढंच वाक्य. पण ते ज्या आवाजात आलं त्यावरून मला काय ते कळलं होतं, कळलं नाही असं मी आज म्हणू शकत नाही. आणि माझ्या तोंडून काय आलं तर, "अगं पण तू रूमवर गेलीसच कशाला?" आणि लगेच त्याच्या पाठोपाठ, "घरी माहितीये का?"

ती दोन क्षण थांबली. मग म्हणाली, "हो मॅडम, चूकच झाली माझी. सही करता का?"

मी सही केली. तिनं जर्नल पिशवीत घातलं आणि ती गेली. पुढच्या वर्षी तिनं टी.वाय.ला ॲडमिशन घेतली नाही, लग्न झालं असं कानावर आलं. याला आता पंधरा वर्षं होतील. मी कित्येक बॅचेस शिकवल्या, पण तो दुमडलेला खाकी कोपरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मला तिच्याबद्दल वाईट वाटलं नव्हतं का, तर खूप वाटलं होतं. पोटात गोळाच आला होता. ते "कशाला गेलीस" काळजीपोटीच आलेलं होतं, आपल्या आया-आज्या जशा पडलेल्या पोराला उचलायच्या आधी पाठीत धपाटा घालतात ना, तसं. पण तिला धपाटाच लागला, काळजी कुठं पोचली? आणि नंतर खूप विचार करून मला असंही वाटायला लागलं की त्या "कशाला"मध्ये माझी स्वतःची भीती होती. ती रूमवर गेली म्हणून झालं, असं एकदा ठरलं की माझी मुलगी जी कुणाच्या रूमवर जात नाही ती सुरक्षित आहे असं मला वाटून घेता येतं. म्हणजे मी तिच्यासमोर बसून स्वतःची समजूत काढत होते आणि त्याची किंमत ती भरत होती. हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे गेल्या काही वर्षांत कॉलेजात या विषयावर पुष्कळ काही चाललंय आणि तरी मला सारखं वाटतं की मुद्द्याचं राहून जातंय. कायदा आहे. सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल १९९७ चा, त्यातून पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आला, आणि यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, कॉलेज-विद्यापीठांसाठी २०१५ चे वेगळे नियम काढले. त्यामुळे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक, दोन प्राध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी, आणि संस्थेबाहेरची एक व्यक्ती, निम्म्याहून कमी बायका चालणार नाहीत. तक्रार तीन महिन्यांच्या आत, कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात, चौकशी ९० दिवसांत संपवायची. ही चांगली, कष्टानं मिळवलेली गोष्ट आहे, यासाठी बायकांनी रस्त्यावर आणि कोर्टात आयुष्यं घातलीत, त्याबद्दल मी एक शब्द वावगा बोलणार नाही.

आमच्याकडेही समिती झाली, मीही त्यात. प्राचार्यांच्या केबिनबाहेर फ्लेक्सचा बोर्ड लागला, सगळ्यांची नावं आणि मोबाइल नंबर. आणि त्या बोर्डासमोर उभं राहून नंबर उतरवून घेणारी एकही पोरगी मला आजवर दिसलेली नाही. कशी दिसेल? समोर ऑफिसची खिडकी, फीची रांग, कोण बघतंय कोण नाही. तुम्हीच सांगा, असल्या गोष्टीचा नंबर कुणी चारचौघांत लिहून घेईल का.

मग पोरी बोलतात कुठे, तर बोलतात. मेसच्या मावशीकडे बोलतात, ती पोळ्या लाटत असते आणि तिची नजर पोळपाटावर असते म्हणून बोलायला सोपं जातं. रूममेटशी बोलतात, रात्री लाइट बंद झाल्यावर. एनएसएसच्या कॅम्पात सातव्या दिवशी शेकोटीभोवती बोलतात. मुलगे तर त्याहून कमी बोलतात, बोलले तरी हसत हसत, चेष्टेत गुंडाळून, आणि समोरच्यानं हसण्यावारी नेलं की विषय कायमचा मिटतो. यूजीसीच्या नियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी पण येतात, हे आमच्या स्टाफरूममध्ये निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. जगभर हेच चित्र आहे, पहिल्यांदा सांगितलं जातं ते मैत्रिणीला, मित्राला, जवळच्या कुणाला तरी. पोलीस, समिती, डॉक्टर हे सगळं नंतर, आणि बऱ्याचदा कधीच नाही. अमेरिकेत सारा उलमन नावाच्या संशोधक आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं याच एका गोष्टीवर काम केलंय की सांगितल्यावर समोरचा काय बोलला. दोष देणारं, अविश्वास दाखवणारं उत्तर मिळालं तर त्या माणसाला सावरायला जास्त त्रास होतो, आणि काही जणी पुन्हा कुणाला सांगायच्या फंदातच पडत नाहीत. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते बराच वेळ.

म्हणजे बघा, कॉलेजनं समितीतल्या आठ-नऊ जणांना ट्रेनिंग दिलं, फाइल नीट ठेवली, वार्षिक अहवाल पाठवला, आणि जिच्यापाशी पोरगी खरंच बोलणार आहे ती मावशी, तो वॉचमन, ती अठरा वर्षांची रूममेट, यांना कुणी काहीच सांगितलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कॉलेजनं सगळ्यात आधी यांना शिकवावं. आणि शिकवायचं म्हणजे कायद्याची कलमं नव्हेत, पहिल्या पाच मिनिटांत काय बोलायचं आणि काय गिळायचं ते.

आमच्याकडे हे कसं सुरू झालं ते सांगते. आमच्या समितीवरच्या बाहेरच्या सदस्य, पुण्याहून यायच्या, समुपदेशनाच्या कामातल्या. त्यांनी हट्ट धरला की वर्कशॉप घ्यायचं तर शिपाई, मेस, हॉस्टेल, लायब्ररी, ऑफिस, सगळे एका खोलीत हवेत, प्राध्यापकांचं वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं असं नको. थोडी कुरकुर झाली, पण बसलो. पीपीटी नाही, भाषण नाही. त्यांनी जोड्या लावल्या. एकानं दुसऱ्याला आपली अशी एक गोष्ट सांगायची जी फारशी कुणाला सांगितलेली नाही, मोठी नको, साधीच, पैसे बुडाले, परीक्षेत नापास झालो, भावाशी बोलणं बंद आहे, असलं. दुसऱ्यानं तीन मिनिटं फक्त ऐकायचं. प्रश्न विचारायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, "माझ्या बाबतीत पण ना" असं म्हणून स्वतःचं सुरू करायचं नाही.

सोपं वाटतं ना? आमच्यातले एक वरिष्ठ सर, अतिशय सज्जन माणूस, चाळीस सेकंदांत म्हणाले "मग तुम्ही बँकेत अर्ज का नाही केलात?" सगळे हसले आणि सरांना स्वतःलाच कळलं. मला जोडीला ऑफिसमधल्या एक ताई होत्या, त्या त्यांच्या आईच्या आजारपणाचं सांगत होत्या आणि मला आतून नुसतं ढवळत होतं, काहीतरी बोलावं, काहीतरी उपाय सांगावा. तीन मिनिटं इतकी लांब असतात हे मला माहीतच नव्हतं. आपल्याला ऐकायची सवय नाही, आपल्याला समजूत काढायची सवय आहे. कुणी रडायला लागलं की आपण पहिल्यांदा म्हणतो "रडू नको". का नको? रडू दे की.

मग त्या बाईंनी विचारलं, समजा एखादी मुलगी तुमच्यासमोर येऊन उभी राहिली, हातपाय थरथरतायत, आणि म्हणाली माझ्यासोबत वाईट झालंय, तर तुमचं पहिलं वाक्य काय? आम्ही प्राध्यापक मंडळी विचार करून करून उत्तरं देत होतो, "आपण योग्य ती कारवाई करू", "घाबरू नकोस, दोषींना शिक्षा होईल", मी तर "तुझ्यावर माझा विश्वास आहे" असं पुस्तकी म्हणाले, अर्थ बरोबर पण तोंडातून लाकडासारखं आलं. आणि मागून आमचे शिपाई मामा, तीस वर्षं घंटा देतायत, ते म्हणाले, "मी म्हणंन, बस बाळा. आधी बस, पाणी पी. मी हितंच हाय."

खोलीत कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. बाईंनी फळ्यावर तेच वाक्य लिहिलं.

त्यात सगळं आहे हो. बस म्हणजे तुला घाई नाही, मलाही नाही. पाणी पी म्हणजे तुझ्या शरीराला आत्ता जे हवंय ते आधी. मी इथंच आहे म्हणजे हे ऐकून मी तुला टाकून जाणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्ये अशा प्रसंगांसाठी आरोग्यसेवकांना जी पद्धत घालून दिली तिचा क्रम पण असाच, आधी ऐका, तिला काय हवंय ते विचारा, तिचं म्हणणं खरं मानताय हे तिला कळू द्या, मग ती सुरक्षित आहे का बघा आणि पुढची मदत जोडून द्या. मामांनी ते कधी वाचलेलं नाही.

त्या दिवशी शब्दांवर पण खूप बोलणं झालं आणि ते माझ्या डोक्यात अजून चालूच आहे. आपल्या भाषेत या गोष्टीला शब्द कोणते आहेत? विनयभंग. कायद्यात पूर्वी कलम ३५४ होतं, आता नव्या न्याय संहितेत ७४, पण पेपरात शब्द तोच. विनय कुणाचा भंगला? त्याचा सुटला आणि भंगला म्हणे तिचा. अतिप्रसंग, म्हणजे प्रसंग ठीक होता, जरा अति झालं? इज्जत गेली, अब्रू गेली, तोंड काळं झालं. सगळे शब्द असे की हरवलेली वस्तू तिच्याच खिशातली. मग गावातून आलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी बोलणार कोणत्या शब्दांत? ती म्हणते "नीट नाही वागला". ती म्हणते "त्यानं घाण केलं". ती म्हणते "तसलं झालं". कुणी नुसतंच म्हणतं, "मॅडम मला हॉस्टेल बदलून पाहिजे." आणि ऐकणारा जर "नीट सांग, म्हणजे नक्की काय केलं" असं म्हणाला तर संपलं. तिनं जो शब्द वापरला तोच आपण वापरायचा, त्याला मोठं करायचं नाही, लहान करायचं नाही. ती "घाण केलं" म्हणाली तर "त्यानं हे केलं यात तुझी चूक नाही", बस. नाव द्यायचं तेव्हा ती देईल.

आणि आणखी एक प्रश्न, "ओरडली का नाहीस?" हा प्रश्न आपल्याकडे इतक्या सहज येतो. खरं तर मराठी माणसाला याचं उत्तर भाषेनंच देऊन ठेवलंय. वाचा बसली म्हणतो आपण. दातखिळी बसली. हातपाय गळाले. पायाखाली साप बघून माणूस जागेवर खिळून राहतो हे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात माहितीये, त्याला कुणी विचारत नाही की पळाला का नाहीस. डॉक्टर लोक आता सांगतात की प्रचंड भीतीत शरीर असं गोठतं, ते आपल्या हातात नसतं, आणि नंतर आठवताना क्रम मागेपुढे होतो, भिंतीवरचं कॅलेंडर लख्ख आठवतं आणि वेळ आठवत नाही. पण तेच पोरीच्या बाबतीत झालं की "हिच्या बोलण्यात मेळ नाही".

हा प्रश्न किती महाग पडतो हे महाराष्ट्राला तरी सांगायला नको. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत, तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली, एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा खटला म्हणून सगळ्यांना माहीत आहे. सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं, अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, असं म्हणून. आणि त्यावर १९७९ मध्ये उघडं पत्र कुणी लिहिलं, तर चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, निमूटपणे शरण जाणं आणि संमती देणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे, असं त्यांनी देशाच्या सरन्यायाधीशांना लिहून कळवलं. त्यातून आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कॉलेजात शिकवणारी चार माणसं, मला याचा फार आधार वाटतो. आपल्या पेशाचं हेही काम आहे असं वाटतं.

एका गोष्टीत मात्र आम्ही सगळेच चुकत होतो, आणि चांगल्या मनानं चुकत होतो. पोरगी म्हणते "मॅडम कुणाला सांगू नका ना" आणि आपण पटकन म्हणतो "नाही गं, शप्पथ". असं म्हणायचं नाही. आपल्याकडे एकाच आवारात ज्युनिअर आणि सीनिअर दोन्ही असतं, अकरावी-बारावीची पोर सोळा-सतरा वर्षांची असते. अठराच्या आतल्या मुलामुलीबाबत पॉक्सो कायदा लागतो, २०१२ चा, आणि त्यात कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवलं तर शिक्षा आहे. म्हणजे मी शप्पथ घेतली आणि मग मला ती मोडावी लागली तर त्या पोरीचा दुसऱ्यांदा विश्वासघात झाला, आणि तो मी केला. माझी भाची अमेरिकेत शिकते, ती सांगत होती तिच्या युनिव्हर्सिटीत शिक्षक पहिल्याच दिवशी सांगतात की असं काही मला सांगितलंत तर मला ऑफिसला कळवावं लागेल, गुप्त ठेवणारी माणसं हवी असतील तर समुपदेशकांकडे जा. मला आधी ते फार कोरडं वाटलं. आता वाटतं की निदान ते खरं बोलतात. आम्ही आता असं म्हणतो, "मी हे चारचौघांत बोलणार नाही. कुणाला सांगावं लागलं तर आधी तुला सांगेन आणि मगच." हे वाक्य पाळता येतं. अठराच्या पुढच्या मुलीला तर पुढं काय करायचं हे तिचं तिनं ठरवायचं. तक्रार द्यायची का, घरी सांगायचं का, दवाखान्यात जायचं का. एकदा तिच्या मनाविरुद्ध झालंय, आता आपण चांगल्यासाठी का होईना तिच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही, हे मला त्या पुण्याच्या बाईंनी शिकवलं.

घरी सांगायचं का हा प्रश्न तर फार अवघड आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ऐकत आपण मोठे झालो. काही पोरींना घरून इतकं बळ मिळतं की बघून डोळ्यांत पाणी येतं, बाप एसटीनं रातोरात येतो आणि नुसता पाठीवर हात ठेवून बसून राहतो. आणि काहींचं शिक्षण त्याच दिवशी संपतं. आधी घरी फोन लावणाऱ्या रेक्टरना हे कळत नाही की त्या फोननं ते कुणाला काय करतायत.

आता गेल्या वर्षीचं सांगते, ओळख लागणार नाही इतपतच. एक मुलगी तिच्या मैत्रिणीबरोबर लॅबमध्ये आली. मी उठले, दार लोटलं, स्टूल दिलं, माझी पाण्याची बाटली पुढे केली. "बस. घाई नाही." आणि गप्प बसले. गप्प बसायला मला जितकं बळ लागलं तितकं कधी शिकवायला लागलं नाही. "कशाला गेलीस" घशापर्यंत आला होता, खोटं कशाला बोलू, सवय मरत नाही. मी टेबलाची कड घट्ट धरून बसले. चाळीस मिनिटं गेली असतील. ती थांबली की मी थांबायचे. शेवटी मी म्हटलं, "तू मला सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझं काही चुकलेलं नाही. आता तुला काय करावंसं वाटतंय?" तिला पहिल्यांदा दवाखान्यात जायचं होतं, दिवस राहतील ही भीती. पोलिसांचं तिचं अजून ठरत नव्हतं.

मी तिला आधीच सांगितलं की हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, तो नियम आहे, पण तुला जबाब द्यायचा नसेल तर तसं नोंदवून घेतात आणि उपचार तरीही होतात. एका दवाखान्यात खिडकीवर आम्हाला सांगितलं, आधी पोलिसांचं पत्र आणा. माझी तयारी होती. पर्समध्ये कागद होता, केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या २०१४ च्या सूचना, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७, सरकारी असो की खाजगी, प्रत्येक हॉस्पिटलनं लगेच आणि फुकट उपचार करायचेच, पत्राची अट नाही. मी आवाज न चढवता तो कागद सरकवला आणि म्हटलं, मोठ्या डॉक्टरांना भेटू द्या. मग झालं सगळं. गर्भ राहू नये म्हणून गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी बरी, आणि एचआयव्हीपासून वाचवणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून त्या खिडकीवर गेलेला एकेक तास महत्त्वाचा असतो. आणि ती पूर्वीची दोन बोटांची चाचणी, मुलीला शरीरसंबंधाची सवय आहे का ते बोटं घालून बघायची, तिच्यावर सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये स्पष्ट शब्दांत बंदी सांगितलीये, कुणी करायला लागलं तर नाही म्हणायचं, हेही प्रत्येक रेक्टरला माहीत हवं.

कॉलेजनं काय केलं, तर यूजीसीच्या नियमांत जे आहे तेच, पण वेळेवर. तिची बॅच बदलायची तर तिला न हलवता त्याला हलवलं. रजा मंजूर केली, हजेरी कापली नाही, सबमिशनची तारीख पुढे ढकलली. एवढ्याशा गोष्टी, पण पोरीच्या डोक्यात तेव्हा हेच चाललेलं असतं, माझं वर्ष जाईल का. तिनं दवाखान्यातल्या बाकावर बसून मला पहिला प्रश्न तोच विचारला होता, "मॅडम, इंटर्नलचं काय?"

दरवर्षी आमच्याकडे या विषयावर पोस्टर स्पर्धा व्हायची, रांगोळी व्हायची, काळ्या बॅकग्राउंडवर रडणाऱ्या डोळ्यांची चित्रं. मी आता परीक्षक म्हणून जायला नकार दिला. त्या वेळात एफ.वाय.च्या प्रत्येक वर्गाला तो तीन मिनिटांचा खेळ घेते. समितीची बसायची खोली केबिनशेजारून काढून लायब्ररीच्या मागे नेली, तिथं कुणीही पुस्तकाच्या निमित्तानं जाऊ शकतं. नंबर बोर्डावर आहेतच, पण मुलींच्या वॉशरूममध्ये दाराच्या आतल्या बाजूला पण चिकटवलेत, तातडीच्या मदतीचा ११२, महिला हेल्पलाइनचा १८१, मन हलकं करायला टेलिमानसचा १४४१६, आतून कडी लावल्यावर निवांत वाचता येतात. मुलांच्या बाजूलाही लावलेत. ते दोनदा कुणीतरी फाडले, आम्ही तिसऱ्यांदा लावले.

ती मुलगी आता टी.वाय.ला आहे. पुढचं तिचं तिचं चालू आहे, ते इथं लिहायचं नाही. मला जे विचारायचं होतं ते मी तिच्या मैत्रिणीला विचारलं, खूप दिवसांनी, कॉरिडॉरमध्ये भेटली तेव्हा. म्हटलं, तुला तिनं त्या रात्री हॉस्टेलवर सांगितलं तेव्हा तू काय बोललीस गं?

ती जरा गोंधळली. म्हणाली, "काहीच नाही मॅडम. तुम्ही एफ.वाय.ला सांगितलेलं ना, विचारायचं नाही. मग मी मॅगी केली किटलीत, तिनं दोन घास खाल्ले. मग मी तिच्याच कॉटवर आडवी झाले. मग म्हटलं, मॅडमकडे जायचं का, की नको?"

"आणि ती हो म्हणाली?"

"नाही. नको म्हणाली. मी म्हटलं बरं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनंच विचारलं, मॅडम कितीपर्यंत असतात लॅबमध्ये."